डबा नंबर दोन: एंड अखेर धरला, कल्हईच्या रीतीने

काल रात्री साडेअकराला माझ्या मॉडेल रेल्वेच्या दुसऱ्या डब्याचा मागचा एंड (टोकाची भिंत) साइडला (बाजूच्या पितळी भिंतीला) धरला. हलवून पाहिला, दाबून पाहिला, सकाळी चहाच्या आधी पुन्हा एकदा पाहिला. घट्ट आहे. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा हा किट उघडला होता आणि आता मे लागला. सगळा वेळ या एका कोपऱ्याने खाल्ला, म्हणून आज त्याच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

बाकीची कामं आधी उरकतो. दोन्ही साइड वाकवून झाल्या. हाफ-एच रेघ (घडीसाठी आम्लाने अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेली) आतल्या बाजूला ठेवून घडी घातली आणि रेघेतून सोल्डरची बारीक धार फिरवली, त्यामुळे खालची कड आता फुटपट्टीसारखी सरळ आहे. दारांच्या मुठी ०.३ मिमी तारेच्या, सगळ्या बसल्या. खिडक्यांच्या कडांवर एचिंगची जी धार राहते ती घासायला तीन संध्याकाळी गेल्या, पण उजेडात धरल्यावर खिडक्यांची ओळ अशी काही दिसते की त्या तीन संध्याकाळी वसूल.

आता एंड. व्हाइट मेटलचं (लवकर वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूचं) ओतकाम जाड आहे आणि साइडचं पितळ पोस्टकार्डाएवढं पातळ. पहिल्या खेपेला एंड इपॉक्सी गोंदाने जोडले होते. मार्चमध्ये गच्चीवरच्या खोलीत डबा राहिला आणि एका कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली. पितळ आणि व्हाइट मेटल सारखं प्रसरण पावत नाहीत आणि सोलापूरचं ऊन काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून ७० अंशांना वितळणाऱ्या सोल्डरकडे वळलो. मी वुड्स मेटल वापरतो, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचं मिश्रण. कॅडमियम आहे म्हणून खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, यात सूट नाही.

व्हाइट मेटलला ते सुंदर धरतं. पितळाला धरत नाही, ओल्या काचेवरच्या पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. म्हणून पितळाला आधी साध्या ६०/४० (कथील/शिसं) सोल्डरचा हात द्यायचा आणि मग त्यावर ७० अंशांचं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मीही तेच केलं होतं. तरी तीन वेळा जोड दिला आणि तीन वेळा बोटाच्या दाबाने सुटला. तिसऱ्या वेळी सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक जास्त तापलं आणि एंडचा वरचा कमानीचा कोपरा डोळ्यांदेखत गुळासारखा बसला. त्या रात्री खोलीचं दार लावून खाली आलो आणि पंधरा दिवस वर गेलो नाही.

मग आईने पितळी पातेलं कल्हईला दिलं. मधला मारुतीजवळ भांड्यांच्या दुकानांच्या बाजूला एक चाचा अजून भाता लावून बसतात. त्यांच्यासमोर बसून बघत राहिलो. पातेलं तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी एकदाच टेकवली आणि लगेच कापसाच्या बोळ्याने पुसून ते आत सगळीकडे पसरवलं. एका श्वासात काळपट पितळ चांदीसारखं झालं. मी खिशातली साइड काढून दाखवली. चाचांनी नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "हे कथील लावून किती दिवस झाले? झोपलंय हे. आणि एवढं जाड कशाला? पातळ लावायचं, गरम असताना पुसायचं, लगेच जोडायचं. भांडं काय, गाडी काय, एकच."

चूक तिथेच होती. मी जाड थर देऊन कानसीने सपाट करायचो आणि एंड जोडायला पुढच्या रविवारी बसायचो. तोवर वर ऑक्साइडची साय धरलेली असायची. घरी येऊन पितळाची कड चिंचेच्या कोळाने घासली, पाण्याने धुतली, फ्लक्स (धातू साफ ठेवून सोल्डर वाहू देणारं द्रव्य) लावून ६०/४० चा हात दिला आणि गरम असतानाच सुती फडक्याने पुसून काढला. नवसागर मात्र टाळला. त्याचा अंश सांध्यात राहिला तर पुढे हिरवा गंज येतो. फॉस्फोरिक आम्लच बरं. दुकानात ८५ टक्क्यांचं मिळतं. एक भाग आम्ल दहा भाग पाण्यात, आम्ल पाण्यात ओतायचं, उलटं कधीच नाही, की साधारण बारा टक्क्यांचा फ्लक्स तयार. बाहेरून बाटल्या मागवून कुरिअरचे पैसे भरण्यात मला आता काही अर्थ दिसत नाही.

तरीही जोड अर्धाच वाहिला. कडेपर्यंत यायचा आणि गोठायचा. मग लक्षात आलं की मी काम करतो ते शहाबादी फरशीवर. फरशी सगळी उष्णता पिऊन टाकत होती. सागाच्या फळीचा तुकडा खाली घेतला, सोल्डरिंग स्टेशन २०० अंशांवर ठेवलं (आधी स्प्रूच्या, म्हणजे ओतकामाला चिकटून आलेल्या जादा धातूच्या, तुकड्यावर टेकवून बघितलं, वितळला नाही), ताजा फ्लक्स, आणि टोक फक्त पितळाच्या बाजूने टेकवलं. दोन सेकंद काहीच नाही. मग ती चकचकीत रेघ खालून वर सरसर चढत गेली आणि कमानीपाशी थांबली. असं सोल्डर धावताना बघितलं की सगळा शीण जातो.

वितळलेला कोपरा कसा वाचवला तेही सांगतो. ७० अंशांचा जोड उकळत्या पाण्यात सुटतो. एक जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं त्यासाठीच वेगळं ठेवलंय, ते स्वयंपाकघरात परत जाणार नाही. डबा पाण्यात सोडला, मिनिटाभरात एंड आपोआप निखळले आणि तळाशी सोल्डरचे मणी लोळायला लागले. ओतकामाला काहीही झालं नाही. गेलेल्या कोपऱ्यावर त्याच मण्यांचा थर चढवून कानसीने कमान पुन्हा काढली. शेजारी पहिला डबा ठेवला तर फरक सापडत नाही.

आणि हे लिहितानाच एक गोष्ट डोक्यात आली. प्रायमर मारून डबा ओव्हनमध्ये ८० अंशांवर भाजायचा असं मागे ठरवलं होतं. ते रद्द! दोन्ही एंड ओव्हनमध्येच गळून पडतील. गच्चीवरच्या पत्र्यावर उन्हात वाळवणंही नको, दुपारी त्या पत्र्याला हात लावता येत नाही. आता खाली माजघरात, झाकणाच्या डब्यात, दोन दिवस. मॅनिफोल्ड या इंग्लंडमधल्या जुन्या अरुंद रेल्वेच्या डब्यांचा फिकट पिवळा रंग धूळ अजिबात लपवत नाही, त्यामुळे झाकण हवंच.

वजनाचा विचारही बदलतोय. डबा ९२ ग्रॅम भरला आणि बरंचसं वजन दोन टोकांना आहे. इंजिनिअर कॅलथ्रॉपने बार्शी लाइट रेल्वेला प्रत्येक आसावर ५ टनांची मर्यादा घालून भार सगळीकडे सारखा वाटला होता. पुढे मॅनिफोल्डही त्यानेच उभी केली. वडील कुर्डुवाडी वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांनी डबा तळहातावर तोलला आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "मधे काय आहे?" मधे काही नाही. म्हणून फरशीखाली बरोबर मध्यावर शिशाची पट्टी टाकतो, किंवा तिसऱ्या डब्याचे एंड आतून कोरून हलके करतो. दुसरं जास्त पटतंय, इंजिनाला तीन डबे ओढायचे आहेत.

गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) प्रश्न अजून तसाच. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, आपल्या १:७६.२ स्केलला नेमके १० मिमी, आणि चाकं ९ मिमी गेजची. रूळ टाकून झालेत, त्यामुळे या डब्यांना ९ च. पण कुर्डुवाडी यार्डाचा तुकडा करायला घेतला तर तो १० वर करावा असं कालपासून वाटतंय. कोणी १० मिमीचे आस स्वतः कातून घेतले असतील तर लेथवाल्याला काय माप दिलं ते कळवा. उद्या चाचांकडे कथलाची कांडी आणायला जातोय, तिसऱ्या डब्याच्या साइड घासून तयार आहेत.