आवाज चालतो, व्हेंडर कोड चालत नाही

ज्या रेडिओवर दर तासाला माझा आवाज लागतो, त्याच रेडिओच्या अकाउंट्सकडून मला मेलवर मेल येत होते की या नावाचा व्हेंडर आमच्या सिस्टिममध्ये नाही. पैसे मिळून आता बरेच दिवस झाले, पण डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढते.

मी व्हॉइस ओव्हर करते. राहायला कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. स्टुडिओ म्हणजे आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. तिन्ही बाजूंना आईच्या हातच्या गोधड्या ठोकल्यात, मधोमध माइक. मे महिन्यात आत दहा मिनिटं उभं राहिलं की घामाघूम व्हायला होतं, पण आवाज सुरेख येतो. काही शहरांत एफएम स्टेशनं असलेल्या एका साखळीचं मराठी काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. स्वीपर (दोन गाण्यांच्या मधे लागणारी स्टेशनच्या नावाची छोटी ओळ), स्टेशन आयडी, स्पॉन्सर टॅग, प्रोमो, सगळं. कामात कधी कुरबूर नाही, आणि पैसेही साठ दिवसांत यायचे. साठ दिवस म्हणजे या धंद्यात चांगलेच.

२०२५ च्या एप्रिलमध्ये साखळी दुसऱ्या समूहानं घेतली. रेडिओत हे नवं नाही. रेडिओ सिटीसुद्धा सुरुवातीला स्टारशी जोडलेली होती आणि आज ती जागरणकडे आहे. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, गाणी तीच असतात. आम्हाला कळलं ते संध्याकाळच्या शोवरून. चार शहरांतले चार आरजे गेले आणि एकाच शहरातून चारही ठिकाणी शो जायला लागला. स्वतःच्या स्टेशनांमध्ये असा कार्यक्रम फिरवायला सरकारच्या एफएमबद्दलच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात मुभा आहे, त्यामुळे बेकायदा काही नाही. फक्त कोल्हापूरच्या माणसाला पुण्यातल्या ट्रॅफिकच्या गप्पा ऐकाव्या लागतात.

माझी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची तीन बिलं अडकली. मूळ रक्कम १,६२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २९,१६०, आणि तो मी बिल लावलं त्या त्या महिन्याच्या रिटर्नबरोबर सरकारला भरूनही टाकला होता. पैसे आले नाहीत म्हणून जीएसटी थांबत नाही. नवीन मुलामुलींनी हे आधी समजून घ्यावं. समोरचा बुडवणार असं वाटत असेल, तरी तुमच्या खिशातून १८ टक्के आधीच गेलेले असतात.

नव्या मालकांनी सांगितलं, पोर्टलवर नव्यानं नोंदणी करा. केली. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद), सगळं एका दुपारी चढवलं. त्यात काही सांगण्यासारखं नाही.

आणि मग आला रकाना क्रमांक १४.

‘पूर्वीच्या व्यवस्थापनाच्या अधिकृत प्रतिनिधीने सही केलेले थकबाकी पुष्टी पत्र.’ शेजारी लाल तारा, म्हणजे ते जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. आता पूर्वीचं व्यवस्थापन म्हणजे कोण? पुण्याचे स्टेशन हेड एप्रिलमध्येच बाहेर पडून बाणेरला एका बिल्डरकडे मार्केटिंग बघायला लागले होते. ट्रॅफिकचा मुलगा (रेडिओत ट्रॅफिक म्हणजे कुठली जाहिरात कधी लागणार हे लावणारं खातं) मे अखेर गेला. स्टेशन हेडना फोन केला. माणूस भला, दिवाळीला आठवणीनं चिवड्याचा डबा पाठवणारा. म्हणाले, “ताई, तुमचं काम झालंय हे मी चौकात उभं राहून सांगेन. पण आता मी त्या कागदावर सही केली, तर नोटीस मलाच येईल.” त्यांचंही बरोबरच होतं.

मी पोर्टलच्या मदत कक्षाला विचारलं, सही करणारा माणूसच नाही, काय करू? उत्तर आलं, ‘कृपया रकाना क्र. १४ मधील कागदपत्र जोडावे.’ मी जुने पीओ, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, जोडले. परत आलं. स्टेशन हेडनी काम पोचल्याचे पाठवलेले मेल पीडीएफ करून जोडले. फाइल दोन एमबीच्या वर गेली म्हणून परत आलं. छोटी करून जोडली, तेव्हा अक्षर वाचता येत नाही म्हणून परत आलं. चौथ्या वेळी मात्र फॉर्म आत गेला, आणि स्टेटस आलं ‘पेंडिंग विथ बिझनेस’.

हा बिझनेस नावाचा इसम कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अकाउंट्स म्हणायचं बिझनेसला विचारा. पुण्याच्या ऑफिसात उरलेली दोन मुलं म्हणायची बिझनेस मुंबईला आहे. मुंबईचा मुलगा फोनवर, “मॅम, आमच्या साइडनं क्लिअर आहे, बिझनेसकडून अप्रूव्हल यायचंय.” मी रोज सकाळी चहा टाकला की पोर्टल उघडायचे. पालख्या पुण्यात आल्या, मुक्काम करून पुढे गेल्या, वारकरी पंढरपूरच्या वाटेला लागले. माझं स्टेटस तेच. दरम्यान लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानात मी पदर बघत उभी, आणि वर स्पीकरमधून मीच सांगते आहे की ऐकत राहा. नवरा शेजारी उभा. म्हणाला, “तुझंच ऐकत नाहीयेत.” मी साडी न घेताच बाहेर आले.

घरी त्यानं वेगळीच भीती घातली. म्हणाला, कंपनी दिवाळखोरीत निघाली तर? बिग एफएमची कंपनी तशीच एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या लवादात, गेली होती आणि २०२४ मध्ये तिथे सॅफायर मीडियाची योजना मंजूर झाली. तशा प्रकरणात आपल्यासारख्यांनी ठरलेल्या मुदतीत क्लेम भरायचा असतो आणि हातात काय पडेल याची खात्री नसते. दोन रात्री झोप नाही. मग शोधल्यावर कळलं की आमच्या साखळीचं तसं काही नाही, साधी विक्री आहे. हे मी एप्रिलमध्येच बघायला हवं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेवटी डेक्कन क्वीन पकडली, दादरला उतरून लोकलनं अंधेरी. भेटीची वेळ घेतली नव्हती, कारण वेळ कोण देणार हेच माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये ‘कोणास भेटायचे’ या जागी मी ‘बिझनेस’ लिहिलं. वॉचमननं वाचलं आणि काही न बोलता आत सोडलं. दोन तास सोफ्यावर. कुणी भेटलं नाही. एक मुलगी येऊन फार गोड बोलली आणि माझ्याच तक्रारीचा तिकीट नंबर मला लिहून देऊन गेली.

पण त्या दोन तासांत समोरच्या पाटीकडे बघण्याशिवाय मला काम नव्हतं. पाटीवर कंपनीचं नवं नाव, आणि खाली बारीक अक्षरात जुनं. पूर्वीचे नाव अमुक. येताना गाडीत ते डोक्यात घोळत राहिलं. पूर्वीचे नाव, म्हणजे कंपनी तीच?

रात्री घरी आल्यावर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर बघितलं. सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, माझ्या जुन्या पीओवर होता तोच. फक्त नाव आणि डायरेक्टर बदललेले. नाव बदललं की दोन वर्षं पाटीवर आणि लेटरहेडवर जुनं नाव दाखवावं लागतं, हा कंपनी कायद्यातला नियम आहे. ती पाटी माझ्या सोयीसाठी लावलेली नव्हती, पण सोय माझीच झाली. एफएममध्ये हे बहुतेक असंच होतं, हे आता कळतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी कंपनीच्या नावावर असते, ती दुकानाच्या गाळ्यासारखी परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून घेणारा स्टेशन न घेता शेअर घेतो. शेअर घेतले की कंपनी तीच राहते, पॅन तोच राहतो, आणि उधारीही तिचीच राहते. म्हणजे ‘पूर्वीचं व्यवस्थापन’ हा प्रश्न त्यांच्या घरातला होता. तो माझ्या फॉर्ममध्ये कशाला?

दुसरा पुरावा तर जूनपासून माझ्याच लॉगिनमध्ये पडून होता. २६एएस उघडलं, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण. तिन्ही बिलांवर १० टक्के टीडीएस, १६,२०० रुपये, त्यांच्याच टॅनवरून (कर कापणाऱ्याचा नंबर) माझ्या पॅनवर जमा! टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात रक्कम टाकताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. पैसे तर दिले नव्हते. म्हणजे त्यांच्या वहीत माझं देणं मार्चमध्येच लिहिलेलं होतं. सरकारला माझ्या नावानं कर भरून, मला मात्र विचारत होते तुम्ही कोण. मी सीए नाही, तरी त्या रात्री टाळी वाजवली.

८ जुलैला मेल टाकला, पोर्टलवर नाही, थेट कंपनी सेक्रेटरीला. त्यांचा पत्ता बहुतेक कंपनीच्या वेबसाइटवर असतो, मदत कक्षापेक्षा तो कधीही बरा. मजकूर दहा ओळी. सीआयएन तोच. टीडीएस जमा, २६एएस सोबत. मी उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म उद्योजक, त्यामुळे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबता येत नाही, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि जानेवारीचं बिल ३१ तारखेचं, त्याला १८० दिवस ३० जुलैला पूर्ण होतात. तोपर्यंत पैसे दिले नाहीत, तर त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (माझ्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) तुम्हाला व्याजासकट उलटवावं, म्हणजे परत भरावं लागेल. शेवटी, फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, करायचा अर्ज तयार आहे. तो खरंच तयार होता, धमकी नव्हती.

माझ्या मते व्याजाला कुणी घाबरलं नाही. ३० जुलैनं काम केलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, असाही नियम आहे, पण त्याची धास्ती मार्चमध्ये असते. जुलैत कुणी त्याकडे ढुंकून बघत नाही. उद्यम नंबर मात्र बिलावर छापून ठेवा. नोंदणी फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

२५ जुलैला खात्यात १,७४,९६० आले. व्याज शून्य. मागितलं नाही, थकले होते. पोर्टलवर मात्र ऑगस्ट संपेपर्यंत ‘पेंडिंग विथ बिझनेस’च होतं.

परवा त्यांचा फोन आला. स्टेशनचं नाव बदलायचंय, सगळे स्वीपर नव्यानं हवेत, चार दिवसांत, ऐकणाऱ्यांना आवाज ओळखीचाच हवा. मी अर्धे पैसे आधी मागितले. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅम, ॲडव्हान्ससाठी बिझनेसचं अप्रूव्हल लागेल.” मी म्हटलं, घ्या ना, सावकाश घ्या. पीओ येईपर्यंत मी कपाटात काही जात नाही, तसंही आत फार उकडतं.