दोन रिकाम्या कॉट

व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी पुण्याजवळ आम्ही एक भाड्याचं घर चालवतो. कॉट दहा. भाडं, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, वीज-पाणी मिळून महिन्याला ४०,००० रुपये. माणसं कितीही असोत, हे द्यावेच लागतात. जेवणखाण माणशी २,५००. म्हणून वर्गणी ६,५००. दहाही कॉट भरलेल्या असल्या तर हिशोब जेमतेम जुळतो, आणि त्या महिन्यात एक आधीच रिकामी होती.

दहा तारखेला आमचा वेल्डर रात्री भिंत धरतच आत आला. पगार त्याच दिवशी झालेला. पाकिटात वर्गणीपुरतेही पैसे उरले नव्हते. प्यायलेल्याने त्याच रात्री घर सोडायचं, हा सगळ्यांनी मिळून केलेला नियम. भाऊ येईपर्यंत दोघं जण त्याच्याजवळ बसून राहिले. मग भावाने त्याला थेट केंद्रात नेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वही उघडली. आठ जणांचे ५२,०००, खर्च ६०,०००. वर्गणी ७,५०० केली तर भागत होतं. पण वॉचमनची नोकरी करणारा एक जण म्हणाला, "ताई, मग मला घरीच जावं लागेल. आमच्या दारासमोरच देशीचं दुकान आहे."

रिक्षावाले काका बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "महिन्याचा पगार एकदम हातात पडतो, तोच आपला वैरी. दर शनिवारी १,५०० घ्या. ज्यांना जमेल त्यांनी मालकाकडून पगारही आठवड्याला मागावा." मी वर्षाचा हिशोब मांडला: ७८,०००. म्हणजे महिन्याला बरोबर ६,५००!

अमेरिकेत १९७५ साली मेरिलंडमध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड हाउस या संस्थेची, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठीची घरंही राहणारेच खर्च वाटून घेऊन चालवतात. १९८८ च्या कायद्याने तिथे असं नवं घर सुरू करायला ४,००० डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली, दोन वर्षांत फेडायचं. आपल्याकडे केंद्र सरकारचं अनुदान उपचार केंद्रांना मिळतं, आणि ते हवंच. पण उपचारानंतरच्या घराचं डिपॉझिट कोण देणार? देणगीदार अन्नदान आनंदाने करतात. मी आता त्यांच्याकडे रिकाम्या कॉटचं भाडं मागते, कारण घर बुडतं ते तिथेच.

त्या महिन्याचे ८,००० एका जुन्या रहिवाशाने उसने दिले. वेल्डरच्या मालकाने दर शनिवारी पगार द्यायचं कबूल केलंय, आणि उपचार पूर्ण झाले की त्याला परत घ्यायचं, असं आठही जणांनी ठरवलंय.