राक्षसाला ‘अरे’ म्हणायचं की ‘अहो’?

‘फ्रँकेन्स्टाइन’वर अर्ध्या तासाची मराठी शॉर्टफिल्म करायची म्हटल्यावर आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न आला: राक्षसाच्या मानेचे बोल्ट कुठून आणायचे? मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत बोल्ट नाहीतच. ते १९३१ च्या सिनेमातले, आणि त्यातला राक्षस नुसता गुरगुरतो. कादंबरीतला भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो आणि पुढे आपल्या निर्मात्याशी वाद घालतो. मला हवा होता तो हा.

पहिल्या खर्ड्यात मी सगळंच कोंबलं. कादंबरीत जहाजाचा कप्तान बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टरची कहाणी आणि तिच्या पोटात राक्षसाची. कप्तान उडवला, उत्तर ध्रुवाचं बर्फही. (थंडीच हवी तर आपलं निफाड आहे की.) निफाडवरूनच एक जागा सापडली. मूळ गोष्टीत भिकाऱ्यांनी जंगलात सोडून दिलेली आग राक्षसाला मिळते. ऊब आवडली म्हणून तो निखाऱ्यात हात घालतो आणि भाजतो. आपल्याकडे कडाका पडला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. प्रसंग अलगद तिथे जाऊन बसला.

गाडी अडली ती संवादांत. व्हिक्टर त्याला ‘तू’ म्हणणार, ठीक. पण तो व्हिक्टरला? ‘अहो, तुम्हीच ना मला घडवलंत?’ लिहून मोठ्याने वाचलं, तर नवरा-बायकोचं भांडण वाटलं! चार खर्डे फाडले. शेवटी ‘अहो’ काढला, ‘तुम्ही’ ठेवला, आणि सूडाची भाषा सुरू झाली की तो ‘तू’वर उतरतो असं केलं.

कादंबरीतल्या त्या कुटुंबातल्या आंधळ्या म्हाताऱ्याची आम्ही पंचवटीतल्या जुन्या वाड्यातली आजी केली. जिथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणतात, तिथेच राक्षसाची बाजू मांडायची, याची गंमत वाटत होती. आजीचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, ‘कोण रे तू?’ आजीची भूमिका करणाऱ्या काकू तालमीत थांबल्या. म्हणाल्या, “तिला दिसत नाही ना? मग दारात कोण आलंय हे ठाऊक नसताना अरे-तुरे कशी करेल?” आणि स्वतःच म्हणून दाखवलं, “कोण आहे? या, बसा.”

राक्षस झालेला आमचा सहा फुटी मुलगा बसायचंच विसरला. वाक्य तेच ठेवलं. पुढे आजीचा लेक घरी येतो, याला बघतो आणि काठी उचलतो. तिथले संवाद मी सगळे काढून टाकले.