तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली पिकअप

वडकी सोडून दिवे घाट निम्मा चढलो होतो. मागे हौद्यात रिकामे क्रेट, शेजारी बायको, आणि सासवडला मामेभावाकडे अंजिराची तोडणी चाललेली. खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथे, मागून कुणीतरी धडक द्यावी तसा गाडीने हिसका दिला. आरशात पाहिलं तर मागे कुणीच नाही. मीटरवरचा ‘डी’ लुकलुकत होता, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी तिसरा गिअर सोडेना.

दोन टनांचं धूड आहे ते. डबल केबिन, डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. घेतली तेव्हा सोसायटीत ‘हत्ती आला’ असं म्हणाले होते. असा हत्ती घाटात उभा करायची सोय नाही, म्हणून रेटत रेटत वर विठ्ठलाच्या मूर्तीपाशी नेली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली. सगळं ठणठणीत! बायको म्हणाली, “पावला.” पावला तो सासवडच्या अलीकडेपर्यंतच.

ही एप्रिल २०२५ ची गोष्ट. पुण्यात परत आल्यावर ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने गाडी गल्लीत एक चक्कर फिरवली, स्कॅनर वगैरे काही लावला नाही, आणि सांगितलं, “गिअरबॉक्स उतरवावा लागणार शेठ. दोन ऐंशी धरून चाला.” दोन ऐंशी म्हणजे २ लाख ८० हजार. मी “कळवतो” म्हणालो आणि चाळीसच्या वेगाने धायरीला आमच्या इलेक्ट्रिशियन काकांकडे आलो.

काकांनी आधी गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून बोटावर घेतलं, वास घेतला. लाल होतं, जळका वास नव्हता. मग स्कॅनर लावला. दोन कोड आले, पी०७०० आणि यू०१०१. पहिला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने मारलेली नुसती बोंब, गिअरबॉक्सकडे काहीतरी तक्रार आहे एवढंच. दुसऱ्याचा अर्थ, गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे टीसीएम, उत्तरच देत नाही. काका म्हणाले, “गिअरबॉक्स खराब असता तर टीसीएमनेच सांगितलं असतं, अमका सोलेनॉईड गेला, तमकीकडे प्रेशर नाही. इथं सांगणाराच मुका झालाय.” टीसीएम गप्प झाला की सोलेनॉईडना, म्हणजे ऑइलची वाट उघडबंद करणाऱ्या विजेवरच्या झडपांना, हुकूम मिळत नाही, ऑइलचं प्रेशर ठरलेल्या एकाच गिअरला जातं आणि गाडी कशीबशी घर गाठते. आमच्या गाडीत तो गिअर तिसरा. घाटात आम्हाला वर आणलं ते यानेच, पण बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

नंतरचा तासभर मी बाजूला स्टुलावर बसून पाहत होतो. काकांनी बॅटरी काढली आणि स्टिअरिंगखाली स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मीटर लावला. ६० ओहम. गाडीतले सगळे कॉम्प्युटर दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात, त्या वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून मिळून ६०. मुख्य लाइन शाबूत होती. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “गाडी कधी पाण्यात होती का हो?”

होती. २५ जुलै २०२४ च्या पहाटे. खडकवासल्यातून पाणी सोडलं, मुठेला पूर आला आणि सिंहगड रोडवर एकतानगरीकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आम्ही जवळच राहतो. उतरून किल्ली शोधेपर्यंत गाडीच्या पायदानात गढूळ पाणी आलं होतं. नंतर सीट काढून, कार्पेट उन्हात घालून सगळं वाळवलं, विम्याचा माणूस येऊन फोटो काढून गेला आणि आम्ही पूर विसरलो. नऊ महिने गाडी नीट चालली.

काकांनी डाव्या सीटच्या पायाजवळचं प्लास्टिकचं पॅनल काढलं. आत पत्र्याला हाताच्या पंजाएवढा ॲल्युमिनियमचा डबा, हाच टीसीएम. त्याच्या स्टिकरवर, बरोबर मध्यातून, एक तपकिरी रेघ गेलेली, कपात चहा तसाच राहिला की आत पडते तशी. पाणी तिथपर्यंत होतं. कपलर, म्हणजे त्यात खोचलेला वायरींचा जोड, ओढला तर कोपऱ्यातल्या तीन पिनांवर हिरवी पूड, आणि एक पिन तर आतच तुटून राहिली.

काकांनी कपलरमध्ये मीटर लावला, १२.४ व्होल्ट दाखवले. मला वाटलं सप्लाय ठीक आहे. ते हसले आणि त्याच दोन वायरींना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. बल्ब समईसारखा मिणमिणला. अर्थची वायर आतून कुजली होती. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एक धागा शिल्लक असला तरी तो खूश. बल्बला खरोखर करंट लागतो. हे मला इतकं आवडलं की नंतर दोन-तीन जणांना घरी बोलावून करून दाखवलं.

अर्थची वायर नवीन टाकली, कपलरमधल्या पिना बदलल्या, तुटलेल्या पिनेच्या जागी डब्याला बाहेरून वायर डाग देऊन जोडली. चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली. पाचव्या दिवशी संध्याकाळी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा हिसका, पुन्हा तिसरा गिअर. आता डबाच उघडला. सर्किटवरचा लाखेसारखा थर फुगला होता, खालचे ट्रॅक काळे पडले होते. काका म्हणाले, “हा गेला.”

इथे मी मूर्खपणा केला. नवीन मॉड्युलची, म्हणजे या डब्याची, किंमत ऐकून (४१ हजार) जुनं शोधायला निघालो. भंगाराचा माल म्हणजे कुदळवाडी, पण पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली गोदामं फेब्रुवारीतच पाडली होती. फोनाफोनी करून एकाचा पत्ता लागला, त्याने माल दुसरीकडे हलवला होता. साडेनऊ हजारांत सौदा झाला. पार्ट नंबर जुळत होता, शेवटचं अक्षर सोडून. “तेवढ्याने काय होतंय दादा!” काय होतंय ते जोडल्यावर कळलं. डब्याच्या पोटात दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर होता आणि गिअर कधी बदलायचा याचा हिशोब टू व्हील ड्राइव्ह मॉडेलचा. काकांनी तो लावून गाडी रस्त्यावर आणायला साफ नकार दिला. विकणाऱ्याने दोन हजार कापून बाकीचे परत दिले, तेही तीन फेऱ्यांनंतर.

नवीन मॉड्युल ऑर्डर केलं. इलेक्ट्रिकचा पार्ट परत घेत नाहीत, हे काउंटरवर दोनदा ऐकवलं. अठरा दिवस लागले. नवीन डबा कोरा येतो, त्यात कंपनीच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम भरावा लागतो, म्हणून वर्कशॉपची वेळ मागितली. मी गुरुवार म्हणालो. तिकडचा मुलगा म्हणाला, “सर, गुरुवार नको. लाइट जाते.” पुण्यात राहून मला हे सुचू नये!

शुक्रवारी त्याने बॅटरीला सप्लाय जोडून व्होल्टेज १३.५ वर धरलं, एसी, दिवे, टेप सगळं बंद केलं, किल्ली ऑन, इंजिन बंद. दार उघडून माझी पाण्याची बाटली घ्यायला गेलो तर ओरडलाच, दार उघडलं की आतले दिवे लागतात म्हणून. मध्येच व्होल्टेज पडलं तर ४१ हजारांचा दगड होतो. पंचवीस मिनिटं आम्ही दोघं लॅपटॉपवरची निळी पट्टी बघत उभे होतो. मग चेसिस नंबर लिहिला आणि जुने कोड पुसले. इंजिन चालू करून, ऑइल तापल्यावर, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असे गिअर सावकाश फिरवले. तो म्हणाला, “दोन-तीन दिवस पाय हलका ठेवा. हा नवीन आहे, क्लच कुठे पकडतो ते त्याला अजून शिकायचंय.” पहिल्या दिवशी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी नव्या ड्रायव्हरसारखी मान हलवायची. चौथ्या दिवशी ते थांबलं.

काकांनी मॉड्युल जुन्या जागी बसवलंच नाही. वायरिंग थोडं लांबवून डॅशबोर्डच्या मागे, वीतभर वर, पट्टी करून लावलं. कपलरकडे येणाऱ्या वायरींना खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून टपकेल, कपलरमध्ये शिरणार नाही. वर्कशॉपवाल्याला ते आवडलं नाही, वॉरंटीचं काहीतरी म्हणाला. विमा कंपनीला फोन केला तर पुराची फाइल मागेच बंद झाली होती. मजुरी, प्रोग्रॅमिंग आणि माझ्या मूर्खपणाचे दोन हजार धरून एकूण ५६ हजार गेले.

जूनमध्ये धरणातून विसर्ग वाढवणार असा सोसायटीच्या ग्रुपवर रात्री मेसेज आला. पायजम्यावरच खाली उतरलो आणि गाडी धायरीच्या चढावर, काकांच्या बंद शटरसमोर लावून रिक्षाने परत आलो. सकाळी काकांचा फोन: “हत्ती हलवा, दुकान उघडायचंय.”