मिस्टर बेनेट गेल्यानंतर: दुसरा भाग संपला

मंडळी, दुसरा भाग हातावेगळा झाला. लिलाव उरकला, बेनेट बायका लाँगबोर्नमधून बाहेर पडल्या आणि नायक डार्सी एकदाचा गोष्टीत आला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी जेन ऑस्टेनची कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मराठीत पुन्हा लिहितेय, त्यातली एकच गोष्ट बदलून. लाँगबोर्नचे मिस्टर बेनेट, म्हणजे जेन, लिझी, मेरी, किटी आणि लिडिया ह्या पाच मुलींचे वडील, अगदी सुरुवातीलाच वारतात. बाकी कुणाचा स्वभाव बदलायचा नाही, कुणाला अचानक घबाड मिळवून द्यायचं नाही आणि इंग्लंड सोडायचं नाही, एवढे नियम मी स्वतःला घालून घेतलेत.

बेनेटांचं नशीब बदलणारे बहुतेक जण त्यांना मुलगा देतात. ते सोपं आहे. लाँगबोर्नच्या इस्टेटीला एन्टेल आहे, म्हणजे ती फक्त पुरुष वारसालाच जाणार. मूळ पुस्तकातही बेनेट नवराबायको मुलाचीच वाट बघत होती. तो सज्ञान झाला की बापलेकांनी मिळून एन्टेल मोडायचा, म्हणजे आईची आणि बहिणींची सोय झाली. पण मुलगा आला की भीती गेली, आणि भीती गेली की ह्या कथेत उरतात फक्त नाच.

ह्या टप्प्यावर मराठी वाचक हमखास विचारतो, "मग दत्तक का नाही घेतला?" आपल्याकडे त्याच काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात, निपुत्रिक माणसाला हाच पहिला सल्ला मिळाला असता. इंग्लंडात मात्र दत्तकाला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट १९२६मध्ये. त्याआधी श्रीमंत नातलग एखाद्या मुलाला जवळ करून मृत्युपत्राने वारस नेमत. खुद्द जेन ऑस्टेनचा भाऊ एडवर्ड असाच नाइट घराण्याकडे गेला आणि १८१२मध्ये त्याने त्यांचं आडनावही घेतलं. पण ते जमलं, कारण नाइटांना आपली इस्टेट हवी त्याला देता येत होती. एन्टेलपुढे मिस्टर बेनेटांनी दहा मुलं मांडीवर घेतली असती तरी इस्टेट त्यांच्या भाऊबंदाच्या, पाद्री कॉलिन्सच्याच घशात गेली असती. (पुढे ह्याच इंग्रजांनी १८४८मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं, ते वेगळं.)

आता तारखा. ऑस्टेनने वर्ष कुठे लिहिलेलं नाही, पण कॉलिन्स येतो तो सोमवार १८ नोव्हेंबर आणि शेजारच्या नेदरफील्ड बंगल्यावरचा नाच मंगळवार २६ नोव्हेंबर, हे १८११च्या कॅलेंडरशी चपखल बसतं. म्हणून मी मिस्टर बेनेटांना ९ सप्टेंबर १८११ला, सोमवारीच नेलं. तेव्हा नेदरफील्ड अजून रिकामं आहे. डार्सीचा श्रीमंत मित्र बिंगली २९ सप्टेंबरच्या, म्हणजे मायकेलमसच्या आधी घराचा ताबा घेणार. विधवेला नवऱ्याच्या घरात ४० दिवस राहू द्यावं असं मॅग्ना कार्टा ह्या जुन्या इंग्रजी सनदेत आहे. मिसेस बेनेटची बहीण जवळच्या मेरिटन गावातल्या फिलिप्स वकिलाला दिलेली, त्यामुळे हे फिलिप्सकाकांनी शोधून काढणं साहजिक आहे. ४० दिवस भरतात १९ ऑक्टोबरला. मूळ पुस्तकात कॉलिन्सच्या पत्रावर तारीख आहे १५ ऑक्टोबर! ते पत्र मी त्याच तारखेला ठेवलंय, मजकूर तेवढा बदललाय. समेटाचा हात पुढे करणारा पाद्री आता मुदतीची आठवण करून देतो, आणि तेही तितक्याच लांबलचक नम्रतेने.

पैशाचं गणित भयंकर आहे. बेनेट जिवंत असताना वर्षाला २,००० पौंड यायचे आणि सगळे खर्च व्हायचे. ते गेल्यावर उरतात लग्नाच्या करारात लिहून दिलेले ५,००० पौंड. चार टक्क्यांनी वर्षाचे २०० पौंड, खाणारी तोंडं सहा. (आईचे माहेरचे ४,००० ह्यातच धरायचे की वेगळे, ह्यावर आपल्यात पूर्वीच भरपूर वाद झालाय. मी ह्यातच धरलेत, कारण कथेला तेच सोयीचं आहे.) 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त बाप गेल्यावर डॅशवूड मायलेकींकडे चौघींत मिळून वर्षाला ५०० पौंड असतात, आणि त्यांना आपण बिचाऱ्या म्हणतो. ऑस्टेनचे स्वतःचे वडील जानेवारी १८०५मध्ये बाथ शहरात वारले. त्यानंतर आई आणि दोघी मुलींचं घर भावांनी काढलेल्या वर्गणीवर चाललं. तिला हे गणित तोंडपाठ होतं. बेनेट मुलींना मात्र तिने एकही भाऊ दिला नाही.

हे आकडे कागदावर मांडले आणि मिसेस बेनेटकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मूळ पुस्तकात ती हास्यास्पद वाटते, कारण शेजारी नवरा बसून चिमटे काढत असतो. तो गेला की कळतं, त्या घरात उद्याचा विचार करणारी ती एकटीच होती. अडाणीपणाने, आरडाओरडा करून, पण करत होती. खर्चाला आवर घालणं तिलाही जमत नव्हतं हे खरं, पण आपण बेघर होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचा मिश्कीलपणा वर्षाला दोन हजार पौंडांवर पोसलेला होता. त्याने मृत्युपत्रही केलं नसणार, असं मी ठरवलं. स्वभावाला धरूनच आहे ते. मृत्युपत्र नसेल तर जंगम मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला आणि उरलेलं मुलांमध्ये समान, असा तेव्हाचा कायदा. जमीन कॉलिन्सची, पण खुर्च्या, चमचे, घोडे आणि पुस्तकं बायकांची. कॉलिन्स लाँगबोर्नचं फर्निचर कसं डोळे भरून बघतो ते आठवतंय ना? माझ्या गोष्टीत ते त्याचं नाही, आणि वकिलाची मुलगी असलेल्या मिसेस बेनेटला हे बरोबर कळतं. एन्टेल तिला जन्मात कळला नाही, चमचे लगेच कळले.

खरी पंचाईत सुतकाने केली. मुली काळ्या कपड्यांत आहेत म्हटल्यावर मेरिटनच्या नाचाला जाणार कशा? आणि नाच नाही तर डार्सीचा तो प्रसिद्ध शेराही नाही, की लिझी काही आपण नाचायला बोलवावं इतकी देखणी नाही. लिझी त्याच्यावर रागावणार कशावरून? शिवाय घरात पुरुष नाही, म्हणजे बिंगलीकडे भेटीला जाऊन ओळख करून घेणारंही कुणी नाही. एका माणसाला मारलं आणि पहिल्या खंडाचा अर्धा सांगाडा कोसळला. ह्या छंदात मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

सुतकाचं प्रकरण त्यामुळे सविस्तर लिहिलं. अंत्ययात्रेला घरच्या बायका सहसा जात नसत. १८१७मध्ये जेन ऑस्टेन गेली तेव्हा कॅसान्ड्रानेही बहिणीची अंत्ययात्रा रस्त्याच्या वळणापर्यंत नुसती नजरेने पोचवली. मी मुलींना खिडकीत उभं केलं नाही, ते फार वेळा झालंय. त्यांना स्वयंपाकघरामागे कामाला लावलं. नवे काळे कपडे सहा जणींना परवडत नाहीत, म्हणून आहेत तेच रंगवायचे:

"हिलने लॉगवूडचा काढा हंड्यात ओतला आणि त्यात हिराकस टाकली. पाणी जांभळं होतं ते शाईसारखं झालं. लिडियाने आपला पांढरा मलमलीचा झगा छातीशी धरून ठेवला होता. 'हा नको. हा मेरिटनला घालायचा होता.' किटीने तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि काठीने आत दाबला. हवा भरून तो फुगत वर आला; हिलने पुन्हा दाबला. दोरीवर वाळल्यावर तो काळा नव्हताच. खांद्यापाशी करडा, कमरेला तपकिरी, आणि वेलबुट्टीच्या जागी डाग पडलेला. 'ह्याच्यापेक्षा मी मेलेली बरी,' लिडिया म्हणाली आणि पपा गेल्यापासून पहिल्यांदा रडली."

सुती कापडावर त्या रंगाचा असाच बोजवारा उडायचा. लोकर आणि रेशीम काळा रंग नीट घेत, म्हणून दुखवट्याला बाँबझीन वापरत. त्यात रेशीम आणि लोकरच असे.

शेऱ्याची जागा मला पुस्तकांच्या लिलावात सापडली. लिलावाला ओळखपाळख लागत नाही, कुणीही येतं. आणि घराण्याच्या ग्रंथसंग्रहाची आबाळ सहन न होणारा माणूस ह्या कादंबरीत एकच आहे. तारीख गुरुवार १७ ऑक्टोबर, मुदत संपायच्या दोन दिवस आधी. डार्सी आणि बिंगली गठ्ठे चाळतायत, लिझी शेजारच्या खोलीत, दार अर्धवट उघडं:

"'संग्रह बरा आहे,' उंच असलेला म्हणाला. 'पण काही जपलेलं नाही. हे बघ, समासात खरडून ठेवलंय. आणि दोन हस्ताक्षरं. एक तर चक्क पोरकट आहे.'
'मग सोड की.'
'सोडतोय कुठे? पण ह्याला कुणी ग्रंथालय म्हणू नये.'
लिझीने दाराची कडी सोडली. ते पोरकट हस्ताक्षर तिचं होतं, बाराव्या वर्षीचं. वर पपांनी लिहिलं होतं, 'हा लेखक मूर्ख आहे का?' आणि खाली तिने, 'अर्धाच.'"

गठ्ठा तोच विकत घेतो. थोरली बहीण जेन आजारी पडून नेदरफील्डला राहते, ते सगळे प्रसंग सुतकामुळे जातात. मूळ पुस्तकात लिझीची जीभ डार्सीला कळते ती तिथल्या दिवाणखान्यात. माझ्या गोष्टीत तो तिला आधी समासातून वाचतो आणि दुसरं हस्ताक्षर कुणाचं हे त्याला बरेच दिवस कळत नाही. बापलेकींच्या गप्पा नेमक्या त्याच्या हाती पडल्या, ह्याची लिझीला चीड येणार आहे. ही चीड मला नाचातल्या अपमानापेक्षा खोल वाटते. कुणाला अतिरेक वाटत असेल तर जरूर सांगा, पण मी हे काढणार नाही.

मग कॉलिन्सची मागणी. मूळ प्रसंगात लिझी बेधडक नाही म्हणू शकते, कारण वाचनखोलीत बाप आहे. आई तोंड बघणार नाही म्हणते, तर बाप उलटाच पेच टाकतो आणि विषय संपतो. आता ते दार नाही. मेरिटनमधल्या भाड्याच्या घरात मिसेस बेनेट ह्या वेळी किंचाळत नाही, नसांचं नावही काढत नाही. ती भाडं, कोळसा, मेणबत्त्या आणि टपाल असे चार आकडे लिहून कागद लिझीसमोर सरकवते. टपाल अशासाठी, की तेव्हा पत्राचे पैसे घेणाऱ्याने भरायचे असत. लंडनहून गार्डिनरमामींचं पत्र आलं तरी खर्च ह्यांचाच. लिझी रात्रभर वेळ मागते. सकाळी नकारच देते, पण ह्या वेळी तिचा नकार वाचताना पूर्ण टाळी वाजवावीशी वाटत नाही. मला तेच हवं होतं.

आता मेरी. कॉलिन्सला हो म्हणायला ती तयार झाली असती, असं ऑस्टेनने स्वतःच लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी अनेकांचा जीव मेरीत अडकलाय हे माहीत आहे मला. माझ्या गोष्टीतली हिशोबी आई तिला लगेच पुढे करते. तरीही कॉलिन्स लिझीची मैत्रीण शार्लट ल्युकस हिलाच मिळतो, आणि त्याचं कारण जेवण आहे. ल्युकस लॉजला रोज ताट मांडलेलं असतं. २०० पौंडांच्या घरात पाहुण्याला एकदा कोंबडी करून वाढली की आठवडाभर सूप प्यावं लागतं. मेरी प्रवचनांतले उतारे तयार ठेवून वाट बघत बसते आणि तिकडे सत्तावीस वर्षांची शार्लट मटणाचा दुसरा तुकडा वाढून मोकळी होते. शिवाय आता तिला वाट बघायची नाही. लग्न होताच ती लाँगबोर्नची मालकीण. मैत्रीण आपल्याच जिन्यावरून किल्ल्या घेऊन उतरतेय, आणि तिने काहीच चुकीचं केलेलं नाही. हे प्रकरण लिहिताना शार्लटबद्दल माझ्या मनात राग येईल असं वाटलं होतं, आला नाही.

बिंगली आणि जेनचं मी उरकून घेतलंय. ते चर्चमध्ये भेटतात, त्याच्या बहिणींना हे पूर्वीपेक्षाही कमी पसंत पडतं आणि तो लंडनला जातो.

अडलंय ते तिसऱ्या भागात, लिडियापाशी. मूळ पुस्तकात ती विकम नावाच्या फौजी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. १७५३च्या लग्न कायद्याप्रमाणे एकवीसच्या आतल्या मुलीला परवाना काढून लग्न करायचं तर बापाची संमती हवी. बाप नसेल तर नेमलेल्या पालकाची, आणि पालक नेमलेला नसेल तर, आईने पुन्हा लग्न केलेलं नसलं म्हणजे, आईची. बेनेटांनी मृत्युपत्रच केलं नाही, म्हणजे पालकही नेमला नाही. लाल कोटातला जावई मिळतोय म्हटल्यावर मिसेस बेनेट संमती काय, स्वतः जाऊन परवाना आणेल! पळून जायचं कारणच राहत नाही. दुसरीकडे, मूळ पुस्तकातही विकम पळतो तो कर्जापायी. लिडियाशी लग्न करायचा त्याचा विचार नसतो, डार्सी पैसे मोजतो तेव्हा तो उभा राहतो. माझ्या गोष्टीत डार्सीच्या हातात तोवर फक्त एक पुस्तकांचा गठ्ठा आहे.

ग्रेसचर्च स्ट्रीटच्या गार्डिनरमामांना पालक नेमावं असं एकदा डोक्यात होतं. पण मग लिडिया मेरिटनपासून चोवीस मैल लांब, मामांच्या नजरेखाली, आणि विकमची गाठच पडत नाही. त्यापेक्षा तिला फिलिप्समावशीकडे ठेवावं. तिथे संध्याकाळी अधिकाऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा असतोच, आणि मावशीला खिडकीतून हाका मारायची हौस. विकम पहिल्यांदा येतो तेव्हा लिडियाच्या अंगात तोच करडा-तपकिरी झगा असेल, एवढं नक्की केलंय. त्याने तिला बरोबर न्यावं तरी का, हे सुटलं की तिसरा भाग लिहायला घेते.