निदान बदललं, आणि एक जुनी तक्रार कागदावर आली

माझ्या मुलाच्या फाइलवर 2012 पासून ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ होतं, म्हणजे बोलणं नीट, पण लोकांत मिसळणं अवघड, असा स्वमग्नतेचा प्रकार. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून साताऱ्यात दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागलो, तेव्हा नव्या कागदावर ‘ऑटिझम (स्वमग्नता) स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ आलं. सासूबाई घाबरल्याच. “आता हे आणखी काय निघालं गं?”

नवीन काहीच निघालं नव्हतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्ये डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती काढली आणि ऑटिझम, अ‍ॅस्पर्जर ही वेगवेगळी निदानं एका स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमी-जास्त तीव्रतेच्या एकाच पट्ट्यात आणली. अ‍ॅस्पर्जरचं निदान आधी पक्कं झालेल्यांना हेच नवं निदान द्यावं, अशी टीपच त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीनंही तेच केलं. ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्पेक्ट्रमच आहे.

ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो यात सांगण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा आयएसएए या ऑटिझम मोजायच्या भारतीय चाचणीची. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली गेली तर ऑटिझम धरत नाहीत. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, “एकच गोष्ट परत परत बोलतो का?” मी तोंड उघडायच्या आत त्यानं एसटीचे थांबे सुरू केले: नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि कराड येईपर्यंत ऐकून घेतलं. मला फार बरं वाटलं. पोरानं अशा वेळी शहाण्यासारखं बसावं असं आईला वाटतंच, पण घरी असतो तसाच तिथं दिसू द्या. गुण त्यावरच पडतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र दुसराच बदल. याचं लक्ष टिकत नाही, हा एका जागी बसत नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आले. तेव्हा एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) वेगळं लिहिलं गेलं नाही, कारण डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत ऑटिझमच्या गटातल्या मुलांना ते निदान जोडीनं देता येत नव्हतं. पाचवीनं ती मुभा दिली. आता फाइलवर दोन्ही आहेत, लक्षासाठी वेगळे उपचार सुरू झालेत, आणि परवा गणिताचा सराव पेपर त्यानं न उठता पुरा केला.

ज्यांच्या मुलांचं निदान 2013 च्या आधीचं आहे, त्यांनी डॉक्टरांना एडीएचडीबद्दल मुद्दाम विचारा. जाताना जुनी फाइलही न्या. लहानपणापासूनची लक्षणं दाखवायला आम्हाला तीच कामी आली.