लॅन्थेनम भाजून घेतलंस का?

पहिल्या पावसाळ्यात मी केलेले पाचही नमुने फुकट गेले. चूक तराजूवर झाली होती आणि मी ती चार महिने भट्टीत शोधत बसले.

पेरोव्स्काइट म्हटलं की आमच्या रामबागेतल्या काकांना सोलर पॅनेलच आठवतं. भेटले की विचारतात, "काय गं, छतावर कधी लावतेस?" सोलर पॅनेलच्या पेरोव्स्काइटमध्ये आयोडीन-ब्रोमीन असतं, माझ्या पदार्थात ऑक्सिजन. स्फटिकाची बांधणी तेवढी सारखी. माझं काम एसओएफसी (सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल) नावाच्या, इंधनातून थेट वीज करणाऱ्या सेलच्या हवेकडच्या इलेक्ट्रोडवर. तिथे हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये शिरतो. जुना एलएसएम, म्हणजे लॅन्थेनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीजचा ऑक्साइड, जवळजवळ फक्त इलेक्ट्रॉन वाहतो, त्यामुळे हवा, इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट जिथे एकत्र भिडतात तेवढ्याच रेषेवर काम होतं. माझा एलएससीएफ मात्र इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचे आयन दोन्ही वाहतो, म्हणून त्याचा बराच पृष्ठभाग कामी येतो. लॅन्थेनम ०.६, स्ट्रॉन्शियम ०.४, कोबाल्ट ०.२, लोह ०.८ हे माझं माप.

दहा ग्रॅम पावडरीला ४.३८६ ग्रॅम लॅन्थेनम ऑक्साइड लागतं. मी चार दशांशांपर्यंत तोलायचे आणि त्याचा मला अभिमानही होता. ते नायट्रिक आम्लात टाकलं की बारीक फसफस व्हायची. मला वाटायचं, विरघळताना होत असेल. मग बाकीची नायट्रेटं, सायट्रिक आम्ल, थोडा अमोनिया, आणि ८० अंशांवर ढवळत बसायचं. पाणी उडत जातं तसा पाक होतो, अगदी लाडवांच्या पाकासारखी तार येते. चाचणी बोटांनी घ्यायची नाही एवढाच फरक.

पुढे हा जेल सुकवून अडीचशे अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवला की तो स्वतःच पेट घेतो. हे मला सांगितलं होतं, पण किती जोरात ते नव्हतं सांगितलं. पहिल्यांदा मी अडीचशे मिलीचा बीकर घेतला. जेल फुगला, तपकिरी धूर निघाला, एक ठिणगी कडेने सरकत गेली आणि दोन सेकंदांत काळी राख फ्यूम हूडच्या छताला चिकटली. निम्मा माल गेला. तेव्हापासून दोन लिटरचा बीकर आणि वर स्टीलची जाळी.

राख खलून ९०० अंशांवर भाजली आणि एक्सआरडी काढला, म्हणजे क्ष-किरण कोणत्या कोनांत परावर्तित होतात त्याचा आलेख. मुख्य शिखर साडेबत्तीस-तेहतीस अंशांजवळ होतं, बरोबर. पण २५ अंशांजवळ एक छोटं आणि साडेपस्तीसजवळ आणखी एक. पहिलं स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचं. ते १००० अंशांवर गेलं. दुसरं हटेना. मी ११०० केलं, बारा तास ठेवलं, दोनदा खललं. ते होतं तिथेच, उलट जास्त टोकदार झालं. ते स्पिनेलचं, म्हणजे कोबाल्ट-लोहाच्या वेगळ्याच ऑक्साइडचं होतं. कोबाल्ट आणि लोह उरतात याचा अर्थ त्यांच्या जोडीला लॅन्थेनम कमी पडलं, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

सुचलं ते आमच्या सीनियर ताईला. तिने आलेखाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "लॅन्थेनम भाजून घेतलंस का?"

मी म्हटलं, "बाटलीवर ९९.९ टक्के शुद्ध लिहिलंय की!"

"बाटलीवर लिहिलंय. बाटलीत काय आहे?"

लॅन्थेनम ऑक्साइड हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि बाटलीचं झाकण मीच जुलैभर अर्धवट लावत होते. आम्लातली ती फसफस कार्बोनेटचीच. दोन ग्रॅम पावडर मुशीत घालून १००० अंशांवर रात्रभर ठेवली. सकाळी भरली १.७४ ग्रॅम. म्हणजे ०.६ च्या जागी माझ्या नमुन्यांत जेमतेम ०.५२ जात होतं. आता भाजायचं, डेसिकेटरच्या कोरड्या बंद भांड्यात गार करायचं आणि काढल्या काढल्या तोलायचं. लोहाच्या नायट्रेटवरही माझा भरवसा उरला नाही. त्याचं द्रावण करून थोडं जाळते आणि उरलेलं ऑक्साइड तोलून हिशोब करते.

सहावा नमुना स्वच्छ आला. एक्सआरडीवरून स्फटिकाची मापं काढायच्या रिटव्हेल्डच्या हिशोबात एक आठवडा गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सूत्रात ऑक्सिजन नेमका किती, हे मोजताना पुन्हा अडले. पावडर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवायची, सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं, शेवटी स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. बीएस्सीतलंच टायट्रेशन. उत्तर आलं ३.०४. सर म्हणाले, "स्फटिकाच्या या जाळीत तीनच्या वर ऑक्सिजन बसवणार कुठे?" हवा दूर ठेवायला नायट्रोजन सोडायचा असतो, तो मी कमी सोडला होता. हवेनेच आयोडाइडमधून जास्तीचं आयोडीन सोडवलं होतं. नीट बुडबुडे देऊन तीनदा केलं, तेव्हा २.९७ ला स्थिरावलं.

इलेक्ट्रोलाइट म्हणून सेरियाची (सेरियम ऑक्साइडची) चकती घेतली. झिरकोनियाशी (झिरकोनियम ऑक्साइडशी) थेट भिडवलं तर मध्ये स्ट्रॉन्शियम झिरकोनेटचा थर तयार होतो आणि तो वाट अडवतो. चकतीच्या दोन्ही बाजूंना माझ्या पावडरीचा लेप, वर चांदीची जाळी. ७०० अंशांवर रोध आला ०.३१ ओहम चौरस सेंटीमीटर, दोन्ही बाजूंचा मिळून आलेला आकडा निम्मा करून. ०.१५ च्या खाली जायचंय. लेप जाड झालाय असा माझा संशय आहे.

लॅन्थेनमच्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे, "भाजून मगच तोलणे". परवा नवा ज्युनियर, उज्जैनचा, ती हातात घेऊन आला. "दीदी, बाकी सब मिल गया। ये भाजून कौन-सा केमिकल है?"